सुकाणू लावायचं की नाही

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला कळलं, की आमचे सासरे जावयाला पाहुणा मानत नाहीत, रंगरूट मानतात. सैन्यातून निवृत्त होऊन ते भिंगारला राहत. पलटणीत त्यांनी कयाक, म्हणजे एकट्यानं बसून वल्हवायची अरुंद नाव, भरपूर चालवली होती. मोडीत निघालेल्या दोन कयाक लिलावात घेऊन, फायबरची ठिगळं लावून त्यांनी परसात पालथ्या घातल्या होत्या. रविवारी त्या टेम्पोत टाकायच्या आणि मुळा धरणाच्या फुगवट्यात न्यायच्या.

माझी नाव सरळ म्हणून जायची नाही. चारदा वल्हं मारलं की तोंड काठाकडे. तिथं बसलेली बायको विचारायची, "अहो, इतक्यात आलात?"

मी एमआयडीसीत ड्राफ्ट्समन. दोन आठवडे खपून मी पत्र्याचं सुकाणू बनवलं, नावेच्या मागच्या टोकाला बिजागरीवर बसवलं आणि सायकलच्या ब्रेकच्या तारा आतल्या पायपट्ट्यांपर्यंत आणल्या. उजवा पाय दाबला की नाव उजवीकडे.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते वाकून वाकून पाहिलं. "काम लई सुबक झालंय. हॉर्न कुठं बसवताय?"

"मामा, वाऱ्यात उपयोग होईल."

"वाऱ्यात कंबर वापरायची. का ती कारखान्यातच ठिवून आलात, जावईबापू?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मग मी हट्टानं सुकाणू लावूनच निघालो.

सकाळी पाणी शांत होतं. माझी नाव पहिल्यांदाच रेघेसारखी सरळ गेली आणि मी जरा मिजाशीतच पलीकडचा काठ गाठला. तिथल्या उथळ पाण्यात जुन्या बाभळी बुडालेल्या होत्या. सुकाणू फांद्यांत असं अडकलं, की नाव पुढेही जाईना आणि मागेही. मामा सावकाश आले, वल्ह्यानं फांदी दाबून त्यांनी मला सोडवलं. "रिव्हर्स गिअर राहिला वाटतं," एवढंच म्हणाले.

परतताना मात्र आडवा वारा सुटला. मामांची नाव सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवायला लागली. तिला सरळ ठेवायला ते एकाच बाजूनं वल्हं मारत होते, कंबरही वापरत होते. मी नुसता डावा पाय दाबून धरला होता. पुढे निघून जायचा मोह झाला, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हणून शेजारीच राहिलो.

"मामा, दमलात का?"

"न्हाई. तुमी हळू चालताय म्हनून थांबतोय."

काठावर बायकोनं थर्मासमधला चहा दिला, तेव्हा त्यांना कप दोन्ही हातांनी धरावा लागला. आम्ही दोघांनीही ते न पाहिल्यासारखं केलं.

चार दिवसांनी ते आमच्या घरी आले. "तो पत्रा उरलाय का?"

"कशाला, मामा?"

"खिडकीला लावायचाय."

"बाबा," बायको आतून म्हणाली, "खिडकीला पायपट्ट्यापन लावायच्यात का?"

ते हसले आणि मग आमची बोलणी झाली. सुकाणू दोन्ही नावांना बसवायचं, पण दोरीनं वर उचलता येईल असं. शांत पाण्यात आणि बाभळींपाशी ते वर ठेवायचं, वारा असला तरच खाली सोडायचं. शिवाय मी दर रविवारी अर्धा तास सुकाणूशिवाय सराव करायचा.

"वारा आहे की नाही, हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"जो सीनियर तो."

पुढची कित्येक वर्षं काठावरचं गवतही हलत नसताना मामा बोट वर धरून गंभीरपणे म्हणायचे, "वारं हाय," आणि आपलं सुकाणू खाली सोडायचे.