मावशीनं जादूगाराला दिलेले गुण

मावशीच्या तोंडी लागू नये, असं तिच्या दुकानात सगळे म्हणतात. आता गंमत अशी की बाई दिवसभरात दहा वाक्यंसुद्धा बोलत नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं काम ती सव्वीस वर्षं करतेय. पुढे गिऱ्हाइकं फ्रेमा चढवून आरशापुढे माना वाकड्या करतात. मागे मावशी, फिरतं चाक आणि चाकावर पाण्याची बारीक धार. तिरक्या नंबराची काच जरा इकडची तिकडे बसली तर माणसाला जिना कललेला दिसतो. मावशीनं बसवलेली काच आजवर परत आलेली नाही. हे ती सांगत नाही, मालक सांगतो, तेही तिच्या माघारी.

कमी बोलण्याचं कारण साधं आहे. मावशी अडखळते. थोडीथोडकी नाही, चांगली अडखळते. एखादा शब्द असा अडून बसतो की समोरचा घड्याळ बघायला लागतो. शाळेत वाचायची पाळी तिच्यावर आली की अख्खा वर्ग खुशीत यायचा. तेव्हापासून तिनं माणसांचे दोन प्रकार पाडलेत. एक हसणारे. दुसरे दयाळू, म्हणजे जे तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात. हसणाऱ्यांना ती सोडून देते. दयाळूंचा मात्र तिला असा काही राग येतो की विचारू नका. "अर्धं बो-बोलले मी आणि अर्धं हा," ती म्हणते, "मग भांडण को-कोणाचं धरायचं?"

असो. तर ही बाई दर रविवारी दुपारी मनसोक्त बोलते. कुठे, तर एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत. रविवारी दवाखाना बंद. कंपाउंडरकडे किल्ली असते. तो बाकं सरकवून मधे टेबल ओढतो, वजनाच्या काट्यावर सगळ्यांच्या पिशव्या ठेवतो, आणि चौघांचा खेळ सुरू होतो. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि पुढे काय होणार ते अर्धं डोक्यानं, अर्धं फाशांनी ठरायचं. गोष्ट सांगतात मास्तर. एरवी ते शाळेत भूमिती शिकवतात. आपण कोण व्हायचं ते निवडायचं, त्याला खेळात 'क्लास' म्हणतात. शिकवणीचा क्लास नव्हे. योद्धा, चोर, जादूगार असे. कंपाउंडर योद्धा. आठवडाभर गोळ्या मोजल्यावर माणसाला तलवार लागणारच. मावशीची भाची, बहिणीची मुलगी, बावीस वर्षांची, चोर. आणि मावशी अकरा वर्षं जादूगार.

त्या टेबलाचा एक नियम आहे, कोणी लिहून ठेवलेला नाही, पण आहे. मावशीची पाळी आली की टेबल थांबतं. ड्रॅगन थांबतो, कोसळता पूलसुद्धा थांबतो. एकदा तिनं एका राजाला वीस मिनिटं फैलावर घेतलं होतं. मजकूर जेमतेम चार मिनिटांचा, पण घेतली वीस. राजा, म्हणजे मास्तर, मान खाली घालून ऐकत बसले. आठवड्यातली ही एकच जागा अशी, जिथे तिचं वाक्य शेवटपर्यंत तिचंच असतं. बाकी सहा दिवस ती त्याच्यावर काढते.

तर यंदा खेळाची नवी आवृत्ती यायची होती. छापण्याआधी प्रकाशकांनी वीस टेबलांना चाचणीची प्रत पाठवली, त्यात एक टेबल हे. मास्तरांना तर आभाळ ठेंगणं झालं. प्रत्येक टेबलानं एकच क्लास तपासायचा, तो क्लास जो खेळेल त्यानं पाच रकान्यांत दहापैकी गुण द्यायचे. पुस्तकाच्या शेवटी आभारात टेबलाचं नाव येणार. आणि एक अट: कुठल्याही रकान्यात एका जरी टेबलानं शून्य दिलं, तर तो क्लास पुन्हा लिहायला परत जाणार. यांच्या वाट्याला आला जादूगार. मग तपासणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

मास्तरांनी प्रत उघडली, जोरात वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. नव्या जादूगारानं चार ओळींचा मंत्र स्वतः, मोठ्यानं म्हणायचा. पाकिटातून वाळूचं एक छोटं घड्याळ आलं होतं. वाळू संपायच्या आत मंत्र संपला पाहिजे. मधे अडखळलं, तर मंत्र उलटून आपल्याच माणसांवर पडणार.

मास्तरांनी घड्याळ बाजूला सरकवलं.

"हे घड्याळ आपण वापरायचंच नाही," मास्तर म्हणाले.

"त्यापेक्षा मावशी, तुम्ही योद्धा घ्या," कंपाउंडर म्हणाला. "तलवारीला बोलावं लागत नाही."

"मी म्हणते ना तुझ्याऐवजी मंत्र," भाची म्हणाली.

झालं! मावशीचं डोकं असं काही फिरलं! तिघंही तिच्या भल्याचंच बोलत होते, आणि तिला त्या क्षणी तिघांनाही बाहेर काढून दाराला कडी घालावीशी वाटली. "त-तपासायला दिलंय ना?" ती म्हणाली. "मग जसं लि-लिहिलंय तसं तपासायचं. उ-उलटं कर ते घड्याळ."

चार रविवार ती तशी खेळली. एकदाही सवलत घेतली नाही. सदतीस मंत्र म्हटले, त्यातले चौतीस उलटले. बिचारा योद्धा दोनदा जळला, एकदा बेडूक झाला. पहिल्यांदा सगळे हसले, मावशीही हसली. बेडूक झालेला कंपाउंडर ही कल्पनाच तशी होती. चौथ्या रविवारी मात्र लढाई सुरू झाल्याबरोबर कंपाउंडर म्हणाला, "माझा योद्धा जादूगारापासून जरा लांब उभा राहतो." वाईट हेतूनं नाही हो, खेळ म्हणूनच. पण मावशीला ते जे लागलं, ते शाळेतल्या हसण्यानंही कधी लागलं नव्हतं.

पाचव्या रविवारी तिनं जादूगाराचा कागद भाचीपुढे सरकवला. "तू म्ह-म्हण. मला बघायचंय."

भाचीनं मंत्र म्हटला. घडाघडा, वाळूशी शर्यत लावून, शेवटची ओळ शेवटच्या कणाबरोबर. कंपाउंडर बाकावरून उठून उभा राहिला. मास्तरांनी टाळीच वाजवली. आणि मावशीच्या अंगावर काटा आला. मेला, नियम चांगला होता! भिकार असता तर हसून फेकून दिला असता. इतकी मजा होती त्यात, आणि ती मजा तिच्या तोंडावर दार लावून आत बसली होती.

घरी जाऊन तिनं गुण भरले. मंत्रांची ताकद, नऊ. मंत्रांचे प्रकार, नऊ. चित्रं आणि मजकूर, आठ. खेळातली रंगत, दहा. खोटं कशाला लिहायचं? शेवटचा रकाना होता, 'हा क्लास कोणालाही निवडता येईल का?' तिथे तिनं शून्य घातलं.

पुढच्या रविवारी मास्तरांच्या फोनवर प्रकाशकांचा संपादक. शून्य आलं की ते देणाऱ्याच्या तोंडून ऐकून घ्यायचं, असा त्यांच्याकडे नियम म्हणे. मास्तरांनी स्पीकर लावला, फोन टेबलावर मधोमध ठेवला. मावशी फोनवर बोलत नाही. दुकानात फोन वाजत राहतो आणि ती काच घासत राहते. त्या दिवशी मात्र तिनं खुर्ची पुढे ओढली.

संपादकाचा आवाज गोड आणि भरधाव. "जादूगार तपासणाऱ्या बाकीच्या टेबलांनी नऊ आणि दहा दिलेत, ताई. तुमची अडचण समजते आम्हाला. आपण खाली एक टीप घालू. ज्यांना बोलायला त्रास होतो, त्यांनी मंत्र शेजाऱ्याला म्हणायला द्यावा. मग तर हरकत नाही ना?"

"अकरा वर्षं मी जा-जा..."

"जादूगार खेळताय, हो, कळवलंय मास्तरांनी..."

मावशी थांबली. पुन्हा पहिल्यापासून. "अकरा वर्षं मी जा-जादूगार आहे. त्या अ-अकरा..."

"अकरा वर्षांची सवय मोडणं कठीणच असतं, नाही का?"

मावशी पुन्हा थांबली. भाचीनं फोनकडे बघून कपाळावर हात मारला. मावशीनं तिसऱ्यांदा अकरा वर्षांपासून सुरुवात केली, सावकाश, जराही आवाज न चढवता, आणि या वेळी गडी गप्प बसला. उशिरा का होईना, उजेड पडला.

"त्या अकरा वर्षांत मी रा-राजांना दम दिला. एक शहर वा-वाचवलं. वेळ लागला. लागू दे. या टेबलावर मी क-कधीच तोतरी नव्हते. तुमच्या पु-पुस्तकानं मला पहिल्यांदा इथे तो-तोतरी केलं. आणि आता म्हणता, मंत्र शे-शेजाऱ्याला द्या. मंत्र दिला तर मग ज-जादूगार कोण? मी की शे-शेजारी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पण वाळू काढली तर खेळ संथ होईल, ताई."

"हो-होईल."

"हे बघा," आता आवाजातला गोडवा जरा आटला, "शून्य दिलंत तर क्लास परत जाईल, पुस्तक लांबेल. लोक वाट बघतायत. पुढच्या वेळी तुमच्या टेबलाला प्रत पाठवायची का, तेही वरचे लोक ठरवतील. मी फक्त एक मागतोय. शून्याच्या जागी एक. तुमची नाराजी राहील, आमचं कामही होईल."

मावशीनं टेबलाकडे बघितलं. मास्तरांना त्या आभाराच्या पानाची केवढी आस होती, तिला माहीत नव्हतं थोडंच! भाचीनं तर मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. मास्तर चष्मा पुसत बसले होते. भाचीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, चुकूनसुद्धा शब्द पुरवायला नको म्हणून. कंपाउंडर आपलं बाक उचलून मावशीच्या शेजारी येऊन बसला.

"तर मग शेवटचे गुण किती लिहू?" संपादकानं विचारलं.

मावशीनं तोंड उघडलं आणि शब्द अडला. असा अडला, जसा कित्येक महिन्यांत अडला नव्हता. श, श, आणि पुढे काही नाही. मानेची शीर फुगली, डोळ्यांत पाणी आलं. वाळूचं घड्याळ असतं तर दोनदा रिकामं झालं असतं. टेबल थांबलं. फोनवरचा माणूसही थांबला. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"शून्य," मावशी म्हणाली.

"नक्की?"

"पु-पुन्हा सांगू?"