दारातली युका

नवागाम वस्तीतल्या आमच्या खोलीपुढे एक खाट मावेल एवढी मोकळी जागा होती. तिच्यात काहीच जगत नसे. जमीन भरावाची, विटांचे तुकडे आणि राख मिसळलेली. बोअरचं पाणी खारट. मायने तुळस लावून पाहिली, मोगरा लावून पाहिला. उन्हातून जे वाचायचं ते शेजारणीच्या शेळ्या खायच्या. तरी आप्पांना दाराशी हिरवं काहीतरी हवंच होतं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आप्पा पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारीगर होते. मंदी आली की शेठ अर्धी यंत्रं बंद ठेवायचा आणि कारीगर मिळेल ते काम धरायचे. अशाच एका मंदीत आप्पा इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर हमालीला जात होते. तिथला माळी फाटकाजवळची वाढलेली झाडं छाटत होता. आप्पांनी त्यातला एक हातभर बुंधा मागून घेतला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला. वरच्या टोकाला तलवारीसारख्या पानांचा झुबका होता.

"घायपात कशाला आणली घरी?" शेजारीण म्हणाली. गावाकडे बांधावर घायपात असायची, तिचे दोर वळायचे, पण दारात ती कुणी लावत नसे.

"घायपात नाही ही. युका," आप्पा म्हणाले. नाव त्यांना माळ्याने सांगितलं होतं. मग त्यांनी तिला समजावलं. घायपातीचं पान जाड, रसाळ आणि कडेला आकडे असलेलं. हिचं पान पातळ, कडेवरून बोट फिरवलं तर जेमतेम खरखर लागते. काटा फक्त टोकाला, पण तो सुईसारखा. घायपात जमिनीलाच बसून राहते, हिला खोड येतं. शिवाय घायपात एकदा फुलली की मरते, ही फुलून जगते.

शेजारणीला काही ते पटलं नाही.

पहिला बुंधा आप्पांनी आणल्या दिवशीच पुरला आणि माय त्याला रोज संध्याकाळी पाणी घालत राहिली. तो खालून मऊ पडला आणि घाण वास मारायला लागला. आप्पांनी माळ्याला विचारलं तेव्हा तो हसला. "पानी से ही मरता है ये," तो म्हणाला. पुढच्या वेळी आप्पांनी आणलेले तुकडे कापलेलं तोंड वाळेपर्यंत खाटेखाली सावलीत ठेवले, मातीत तापीची वाळू मिसळली आणि पाण्याला हात लावू दिला नाही. त्यातला एक तुकडा जगला. मधून कोवळं पान निघालं तेव्हा आप्पांनी मला हाक मारून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी क्वचितच पाहिला होता.

झाड माझ्या कमरेएवढं झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आप्पा पाळीला निघण्याआधी वाकून खालची वाळलेली पानं ओढून काढत होते. मायने आतून हाक मारली, जेवण वाढलं होतं. पहिली हाक त्यांना ऐकू गेली नाही. खात्याच्या खडखडाटाने त्यांचे कान आधीच अर्धे नेले होते. माय दुसऱ्यांदा ओरडली तसं त्यांनी झटकन डोकं वर केलं.

ते डाव्या डोळ्यावर हात ठेवून खाली बसले. हात काढला तेव्हा रक्ताचा बारीकसा थेंब होता.

"काही नाही, टोचलं थोडं," ते म्हणाले. डोळा धुतला, जेवले आणि कामावर गेले. मायने रात्री गुलाबपाणी घातलं. पुढे डोळा लाल झाला, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. गल्लीतल्या डॉक्टरने थेंब दिले. खाडा पडू नये म्हणून आप्पा तसेच कामावर जात राहिले. शेवटी दुखणं डोक्यात भिनलं तेव्हा आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी डोळ्यात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. मग मायकडे वळून म्हणाल्या, "लवकर यायला हवं होतं. याची नजर परत येणार नाही. दुसरा डोळा सांभाळा."

परतताना रिक्षात माय एवढंच म्हणाली, "मी हाक नसती मारली तर..." आप्पांना ते ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही.

लूमवर सगळा खेळ डोळ्यांचा. ताण्याच्या उभ्या धाग्यांतली एक तार तुटली आणि कारीगराला दिसली नाही तर कापडाला रेघ पडते. आप्पांच्या डाव्या हाताच्या यंत्रांवर रेघा पडू लागल्या. शेठ वाईट नव्हता. त्याने काही आठवडे पाहिलं, मग गुजरातीत म्हणाला, "काका, हवे तमाराथी नहीं थाय." आता तुमच्याने होणार नाही. आप्पा एका कापड मार्केटात वॉचमन झाले. माय घरी साड्यांचे धागे कापायचं काम आणू लागली.

झाड काढून टाका, असं मायने आणि शेजारणीनेही सांगून पाहिलं. आप्पा म्हणाले, "वाकलो मी. त्याचा काय दोष?" मायची धागे कापायची कात्री घेऊन ते एकेका पानाचं टोक बोटांनी चाचपत आणि कापत बसले. तेव्हा माय घरात पाठ करून बसली होती.

दोन-तीन वर्षांनी मधून एक दांडा निघाला आणि पांढऱ्या घंटांसारखी फुलं लटकली. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. शेजारीण म्हणाली, "झालं, आता मरेल." मेलं नाही. फुलं गळाली आणि झाडाला दोन शेंडे फुटले. नव्या पानांना नवी टोकं होती. आप्पांना एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नसे. एका संध्याकाळी ड्यूटीवरून येताना ते सरळ झाडावर गेले आणि गालावर, उजव्या डोळ्याच्या खाली, लांब ओरखडा उठला.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मायने कोयत्याने झाड जमिनीसरसं तोडलं. मी शाळेतून आले तेव्हा पानांचा ढीग रस्त्यावर होता आणि तिचे हात रक्ताळले होते.

आप्पा आले, बुंध्याजवळ उभे राहिले. "काबर तोडं?" का तोडलं, त्यांनी विचारलं.

"तुमना एकच डोया राहीना आते," माय म्हणाली. "तो बी त्याले देवाना का?"

आप्पा आत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं.

बुंध्याला बाजूने कोंब फुटले. मायने ते पाहिले होते, पण तोडले नाहीत. आप्पाही त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. पावसाळ्यात जवळच्या खाडीचं काळं पाणी गल्लीत शिरलं आणि आठवडाभर साचून राहिलं. ते ओसरल्यावर आप्पांनी बुंधा हलवून पाहिला, तर तो जोर न लावताच हातात आला. खालून सगळा कुजला होता. त्यांनी तो उकिरड्यावर टाकला आणि साबणाने हात धुतले.

तिथे त्यांनी पुन्हा काही लावलं नाही. वर्षभराने मायने ती जागा सिमेंटने पक्की करून घेतली आणि तिथे खाट टाकली. माझं लग्न झाल्यावर मी माहेरी जायची तेव्हा आप्पा त्या खाटेवर बसलेले असत. मी डावीकडून आले की माझी चाहूल त्यांना लागत नसे. मी फिरून त्यांच्या समोर जायची, मग ते म्हणायचे, "आलीस?"