उसना आवाज

आत्याचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक होता, आवाज सगळ्या गावाला. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे, काचेच्या खोलीत बसून ती गाड्यांच्या घोषणा करायची. बाजारात तिनं नुसता टोमॅटोचा भाव विचारला, तरी शेजारची बाई दचकून घड्याळ बघायची.

"ताई, घरात तरी हळू बोल," बाबा चिडवायचे. "शेजारी बोचकी घेऊन बाहेर येतील."

"येऊ देत. वेळेवर निघायची सवय लागेल."

सीमेकडच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा, "मी घड्याळ बघत नाही, बाई. तुम्ही म्हणालात सुटते, की सुटली."

त्या गाडीच्या फलाटासमोर, तीन नंबरच्या बाकावर, एक बाई रोज येऊन बसे. तिच्या मुलानं कारखान्याच्या संपात भाषण केलं होतं. त्याला भरल्या ताटावरून उचलून नेलं, आणि मग ठाण्यापासून वरच्या कोर्टापर्यंत सगळे सांगत राहिले की असा कुणी मुलगा आणलेलाच नाही. आत्या जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्याजवळ जायची. पुढे तिच्या घरीही जाऊ लागली. तिथेच वकीलबाई भेटल्या.

देशातले दरवाजे बंद झाले होते. पण आपल्या सरकारनं कधीकाळी एका आंतरराष्ट्रीय करारावर सही केली होती, म्हणून परदेशातल्या मानवाधिकार समितीपुढे तक्रार नेता येत होती. तिथे आईची जबानी ऐकवायची होती. नाव झाकता येतं, चेहराही. आवाजाचं काय करायचं? यंत्रानं बदललेला आवाज खोटा वाटतो, वकीलबाई म्हणाल्या.

"मी वाचते," आत्या म्हणाली.

तिनं वाचलं. वकीलबाई खूश झाल्या, इतकं स्वच्छ कुणी वाचलंच नव्हतं. त्या राजधानीतून स्वतःच्या मोटारीनं यायच्या. आमच्या स्थानकावर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. आणि आत्याला तो आवाज कधी आपला वाटलाच नव्हता. तो स्थानकाचा होता, पंख्यासारखा, बाकांसारखा. तो कुणी ओळखेल, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

सुनावणीतला एक तुकडा या फोनवरून त्या फोनवर फिरत गावात आला. जेवताना बाबांनी सहज लावला. 'माझा मुलगा पहिला घास घेत होता...'

बाबांचा हात ताटातच थांबला. "ताई, हा तर..."

"जेव आधी," आत्या म्हणाली.

सकाळी तिनं पहिली घोषणा केली आणि सगळं स्थानक गप्प झालं. माणसं मान वर करून कर्ण्याकडे बघत राहिली. हळूहळू माना खाली आल्या आणि जो तो आपापल्या पिशवीकडे बघू लागला.

दुपारी साध्या कपड्यांतले दोघं खोलीत आले. तो ड्रायव्हर तेव्हा खिडकीशी सही करत होता. पुढचं त्यानंच आम्हाला सांगितलं.

"आवाज छान आहे तुमचा."

"त्याचाच पगार मिळतो."

"मुलगा कुणाचा?"

मी फक्त वाचलं, एवढं म्हणाली असती तर ते खरंच होतं. पण पुढचा प्रश्न 'कुणाचं वाचलं?' हाच आला असता, आणि त्याचं उत्तर काचेपलीकडे, तीन नंबरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलं होतं.

"माझा," आत्या म्हणाली.

"तुमचं लग्न झालेलं नाही, बाई."

"म्हणून काय झालं?"

दुसरा हसला. पहिला हसला नाही. "चला."

"एक घोषणा राहिलीय. माणसं खोळंबलीत."

तिनं बटण दाबलं. "फलाट तीनवरची, सीमेकडे जाणारी गाडी आत्ता सुटत आहे. बाकावर कुणी बसून राहू नये."

गाडीला अजून बराच अवकाश होता. ड्रायव्हरनं एकदा आत्याकडे पाहिलं आणि तो गाडीकडे निघाला. तो सांगतो, बाकावरची बाई सगळ्यांच्या आधी चढली.

ती सीमेपलीकडे सुखरूप पोचली. आत्याबद्दल ठाण्यात सांगतात, अशा कुणा बाईंना आणलेलंच नाही.

वकीलबाई आता आमच्या घरी येतात, बसनं. नवी तक्रार त्याच समितीपुढे जायची आहे. काल बाबांची जबानी होती. खिडक्या लावून घेतल्या होत्या.

"यावर आवाज कुणाचा घालणार?" बाबांनी विचारलं.

"या वेळी खूप लांबचा," त्या म्हणाल्या, आणि मान वर केली नाही.

बाबा पाणी प्यायले. मग ते बोलू लागले, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू.