भिंतीवरच्या दोन रेघा

"पाय ठेव. भेऊ नको."

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून, गुडघ्यात वाकून आबा हे म्हणायचे. त्या हातांवर आठवीतलं एखादं पोर धुळीच्या पायाने चढायचं आणि शाळेच्या भिंतीवर हात पोचेल तिथे खडूने रेघ ओढायचं. खाली आणखी एक रेघ असायची. ती त्याने आधी नुसती उडी मारून काढलेली. दोन रेघांमधली जागा दाखवून आबा सांगायचे, "एवढं जे वाढलं ना, ते बूस्ट. उडी तुझीच शे. खालचा हात दुसऱ्याचा."

चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात आमची शाळा होती. आबा तिथे इंग्रजी शिकवत. शब्दकोशात कितीतरी इंग्रजी क्रियापदांपुढे 'वाढवणे' एवढंच लिहिलेलं असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. आबांना ते पटत नसे. "वाढणं काय एकाच तऱ्हेचं असतं का, भाऊ?" 'स्वेल' शिकवायचं असेल तर आदल्या दिवशी तांब्यात हरभरे भिजत पडत. 'मल्टिप्लाय'ला सगळा वर्ग शेजारच्या केळीच्या बागेत जाऊन बुंध्याशी फुटलेली पिलं मोजत असे. 'इन्फ्लेट'ला त्यांचा सायकलचा पंप. ट्यूब टम्म फुगली की ते हवा सोडून देत आणि विचारत, "ही पण वाढच होती. आत काय होतं?"

"हवा!" पोरं ओरडत.

शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी विचारायचंच, "काय आबा, आज काय वाढवलं?"

"हेडमास्तरांचा ताप," म्हणून ते चहा बशीत ओतत.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याहून इंग्रजीची पदवी घेऊन तिथे लागलो. उच्चार चांगले होते. आवाज मात्र तिसऱ्या बाकापुढे जात नव्हता. नववीची पोरं बाकाखाली पाय आपटत. एके दिवशी आबा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. आठ दिवस बसले. ऐकू आलं नाही की कानामागे हात धरत. हळूहळू माझा आवाज त्या बाकापर्यंत पोचू लागला.

पुढच्या वर्षी त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं, "माझी दहावी या भाऊला द्या. बोर्डाचा वर्ग चांगला चालवला की तो कायम होईल. मला आठवी तेवढी राहू द्या."

मी कायम झालो.

त्याच वर्षी तपासणी आली. अधिकारी साहेब व्हरांड्यातून निघाले होते. मागे हेडमास्तर, त्यांच्यामागे मी. भिंतीशी आबा वाकलेले, त्यांच्या हातांवर एक पोर, बाकीची टाळ्या वाजवत असलेली.

"हे काय चाललंय?"

"बूस्ट शिकवतोय, साहेब." आबा सरळही झाले नाहीत. पोर वर होतं ना.

साहेब माझ्याकडे वळले. मी इंग्रजीचा पदवीधर, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "इज धिस इंग्लिश?"

आबा माझ्याकडे पाहत होते. तो वर्ग कशाला भिंतीशी उभा आहे, हे त्या आवारात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. चार वाक्यांत सांगता आलं असतं, चांगल्या उच्चारांत.

"नो, सर," मी म्हणालो.

वर हसलोही. साहेबांना ते आवडलं. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, मला कसली भीतीही नव्हती. केवळ बरं दिसावं म्हणून मी ते बोललो. इतक्या वर्षांत याहून बरं कारण मला सापडलेलं नाही.

साहेबांनी तपासणीच्या वहीत शेरा मारला आणि जूनमध्ये आबांकडे पाचवीचा कार्यानुभव आणि शाळेची बाग आली. आठवी मला मिळाली. त्यांनी पंप आणून माझ्या टेबलावर ठेवला. "वर्गाला लागतो," म्हणाले. मग, "चहा घेता ना, भाऊ?"

मी चहा घेतला. पंप कपाटावर टाकला आणि आठवीला शब्दार्थ फळ्यावर लिहून देऊ लागलो. बूस्ट म्हणजे वाढवणे. स्वेल म्हणजे वाढणे. खिडकीतून आबा वांग्यांना पाणी घालताना दिसत. निवृत्त होईपर्यंत दिसत राहिले. 'आबा, चुकलो,' हे दोन शब्द मी रोज उद्यावर ढकलले. पुढे माझी साक्रीकडे बदली झाली आणि ते राहूनच गेले.

नव्वद सालानंतर केव्हातरी आबा गेल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा अंत्ययात्रा पुढे निघाली होती. स्मशान गावापासून लांब, नदीकाठी. मागे राहिलेल्यांसाठी एक ट्रॅक्टर थांबला होता. ट्रॉलीची फळी उंच होती. मी दोनदा प्रयत्न केला, जमेना. तेव्हा गर्दीतून केळीच्या डागांचा सदरा घातलेला एक दणकट माणूस पुढे आला. माझ्याआधीच्या आठवीतला असावा. त्याने मला ओळखलं नाही. बोटांत बोटं गुंतवली, गुडघ्यात वाकला आणि म्हणाला,

"पाय ठेवा, भाऊ. भेऊ नका."

माझी चप्पल धुळीने भरली होती. मी ती काढून हातात घेतली आणि पाय ठेवला.