आमच्या सेंटर फॉरवर्डची म्युच्युअल

परवा सकाळी मुलाचा, आदित्यचा, कॅनडातून फोन आला. आवाज इतका पडलेला की मला वाटलं नोकरी गेली... तर त्याच्या शहरातल्या आइस हॉकी टीमने आपला स्टार खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकला होता. बदल्यात तिकडचे दोघे घेतले होते.

याला तिकडे ट्रेड म्हणतात. माणूस सकाळी प्रॅक्टिसला निघतो आणि वाटेत त्याला कळतं की आपलं गाव बदललं. "बाबा, निदान त्याला विचारायचं तरी," आदित्य म्हणाला.

मी "हो ना" म्हणून विषय बदलला. कारण असा एक ट्रेड मीही केलाय... इथेच, हैदराबादमध्ये, बर्फाशिवाय.

आंध्र आणि तेलंगण वेगळे झाले ती वर्षं. सरकारी कर्मचाऱ्यांची वाटणी चालू होती आणि यादी लागली की नोटीस बोर्डापुढे झुंबड उडायची. मी खात्याच्या प्रसिद्धी विभागात होतो, शिवाय खात्याच्या हॉकी टीमचा मॅनेजर. माझं नाव तेलंगणात आलं, श्रीनूचं आंध्रात.

श्रीनू आमचा सेंटर फॉरवर्ड. स्पोर्ट्स कोट्यातून लागलेला ज्युनियर असिस्टंट, बोलणं कमी. गोलसमोर त्याच्या स्टिकला बॉल लागला की नारायणगुड्याच्या ग्राउंडवरचा चहावालाही किटली खाली ठेवून बघायचा.

माझी निवृत्ती वर्षावर आली होती आणि सरकारी खात्यांची ती ट्रॉफी आम्ही एकदाही जिंकलो नव्हतो. त्या वर्षी जिंकलो असतो... पण श्रीनूशिवाय नाही.

वाटणीत एक सोय होती, म्युच्युअल. एकाच पदावरचे दोघे, एक इकडचा आणि एक तिकडचा, आपसात राज्य बदलून घेऊ शकत. आमच्याच खात्यातला राघवुलू तेलंगणाच्या यादीत अडकला होता आणि त्याचे म्हातारे आईवडील विजयवाड्याला. मी विचारायचा अवकाश, त्याने उभ्या उभ्या सही केली.

श्रीनूची सही माझ्याकडे होतीच. सीझनच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडू मला चार-पाच कोऱ्या कागदांवर सह्या करून द्यायचा. बाहेरगावी मॅच असली की ऑन-ड्युटीचा अर्ज मीच टाइप करून टाकायचो, सहीसाठी कुणाच्या मागे धावायला नको. वर्षानुवर्षांची पद्धत... त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

त्यातलाच एक कागद मी काढला. डेडलाइनवर लिहायची सवय असल्यामुळे अर्ध्या तासात अर्ज तयार. कौटुंबिक कारणास्तव हैदराबाद सोडता येत नाही वगैरे... ड्राफ्ट फर्स्ट क्लास होता.

अर्ज घेणारा यादगिरी माझा जुना दोस्त. वाचून हसला. "क्या साब, रिटायर होते होते पिलेयर का सौदा?"

संध्याकाळी हिमायतनगरहून मिठाईचा बॉक्स घेऊन मी ग्राउंडवर गेलो. श्रीनूला सरप्राइज द्यायचं होतं. तो आधीच येऊन बसला होता... त्याच्याही हातात एक बॉक्स.

"साब, पैले आप मूं मीठा करो," तो म्हणाला. आत पूतरेकुलू होत्या, कागदासारख्या पातळ, त्यांची ती आंध्रातली मिठाई. "आंध्रा आया ना मेरेकु. ऑफिस विजयवाडा जाता बोल रहे. घरवाली उधरिच नर्स है."

त्याची बायको विजयवाड्याला असते हे मला माहीतच नव्हतं. सहा वर्षं मी त्याचा मॅनेजर. त्याचा गुडघा कुठला दुखतो हे माहीत होतं, बुटाचा नंबर माहीत होता...

"बेटी तीन साल की हो गई साब. मेरेकु फोन-नान्ना बोलती." नान्ना म्हणजे बाबा. त्याच्या मुलीचा बाबा फोनमध्ये राहायचा.

मला आईचं बोलणं आठवलं. छप्पन साली जुनं हैदराबाद राज्य वाटलं गेलं, तेव्हा वडिलांची नेमणूक औरंगाबादला झाली आणि आम्ही काही वर्षं सुलतान बाजारातच राहिलो. ते सुट्टीत आले की मी अनोळखी माणूस बघून भोकाड पसरायचो म्हणे. हे मी लोकांना गंमत म्हणून सांगत आलो होतो.

मी माझा बॉक्स न उघडताच श्रीनूला सगळं सांगितलं. तो बराच वेळ स्टिकची पट्टी सोडवत आणि गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आप टीम के वास्ते करे, साब. मालूम है." ओरडला असता तर बरं झालं असतं.

अर्ज मागे घ्यायचा तर त्यालाही अर्ज लागणार. "और एक सही का कागज होंगा ना आपके पास?" त्याने विचारलं. होते, तीन होते. मी तिन्ही त्याच्या हातात दिले आणि म्हटलं, आता तूच लिही.

चहावाल्याच्या बाकड्यावर बसून त्याने लिहिलं. चार ओळींना वीस मिनिटं. इंग्रजी तोडकंमोडकं होतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर सुधारलेल्या मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी यादगिरीने कपाळाला हात लावला. "कल सौदा, आज वापस? कायकु साब?" पण फाइल अजून त्याच्याच टेबलावर होती, म्हणून निभावलं.

राघवुलूला मात्र मी आशा लावून बसलो होतो. पुढचे दहा-बारा दिवस मी यादी घेऊन सेक्शन-सेक्शन फिरलो. शेवटी आंध्राच्या यादीतली, राघवुलूच्याच पदावरची एक बाई सापडली, नवरा इथे हिमायतनगरात नोकरीला. तिला आधी विचारलं... दोनदा विचारलं.

ट्रॉफी? पहिल्याच मॅचला बाहेर. चार गोल खाल्ले, केला एकही नाही.

काल आदित्यला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "मग ती मुलगी त्याला काय म्हणायला लागली?" विजयवाड्याला गेल्यावर महिनाभराने श्रीनूने मला फोन केला होता. मागून एक बारीक आवाज सारखा हाक मारत होता... नान्ना, नान्ना, फोन ठेव.