वीतभर शेपटी

आज मी गॅसवरच्या लोण्यात लसूण टाकला आणि त्या वासासरशी वणीच्या या घरातला काही वर्षांमागचा एक रविवार परत आला.

लेकाने मुंबईहून बर्फात घालून शेवंडीच्या शेपट्या आणल्या होत्या. शेवंड म्हणजे झिंग्याचा पैलवान काका! सुमन, माझी बायको, लसूण-लिंबाच्या लोण्यात त्या परतत होती. बाहेर मी शेजाऱ्यांना सांगत होतो, "शेपटी कसली, अजगर! दोन गॅसवर आडवा टाकला, तरी खिडकीतून बाहेर!"

आतून सुमन ओरडली, "वीतभर हाय जी! काहून फेकून राह्यले?"

सगळे हसले. मी चिडलो.

आज नव्या शेजाऱ्याला तीच गोष्ट सांगितली. शेपटी पार चंद्रपूरच्या रस्त्याला लागली. तो मान डोलावत राहिला. मी थांबून स्वयंपाकघराकडे कान दिला. सुमन गेल्यापासून आत कोणी नसतं. नुसतं लोणी करपत होतं.