दुधगावचा तांबडा तेजोमेघ

आमच्या मालकांचं, म्हंजे जिनेंद्र पाटलांचं, गावात खताचं दुकान हाय. पण दुधगावात त्यांना ओळखत्यात ते उजेडाशी भांडणारा माणूस म्हणून. आमी जैन, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळी. बाकीची बापयमाणसं मग कट्ट्यावर बसत्यात, आमची स्वारी दुर्बीण घिऊन रानात.

दुर्बिणीला लावायचा कॅमेरा तर लय न्यारा. चांगला नवा कॅमेरा खोलून आतली एक काच काढून टाकली, कारण आभाळातला तांबडा रंग ती अडवत हुती म्हणं. आन् लगेच गावचा उजेड अडवायला दुसऱ्या काचा हुडकाय लागले. मी म्हटलं, "आवं, काढायची कशाला आन् लावायची कशाला? काचंला तरी ठरवू द्या की." हे हसले न्हाईत.

त्यांना एकच फोटू पायजे हुता, गुलाबाच्या फुलासारखा दिसणारा तांबडा तेजोमेघ, म्हंजे चांदण्यांमधला वायूचा ढग. सांगलीत आकाश बघणाऱ्यांचं मंडळ हाय, त्यांचं प्रदर्शन भरतंय. मागची दोन वर्षं ह्यांचा फोटू "धुरकट" म्हणून परत आलेला. परत पाठवणारा कोण, तर माझा सख्खा भाऊ भरतेश. मेव्हण्यानं नापास केलं, हे मालकांच्या लय जिव्हारी लागलेलं.

पहिली काच आणली ती गावातल्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा उजेड अडवणारी. ती बसवून हुईस्तोवर गावातल्या खांबांवर पांढरे एलईडी आले आन् काच कपाटात गेली. मग म्हणले, अंधारातच जाऊ. गेले माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. अंधार झकास हुता, पण मेंढरांच्या कुत्र्यांनी ह्यांना गाडीच्या टपावर चढवलं. उजाडल्यावर केरबा नावाच्या मेंढक्यानं खाली उतरवलं आन् वर च्या पाजला.

शेवटी तिसरी काच आली. ही म्हणं फकस्त तेजोमेघाचा तांबडा आत घेती, बाकी समदा उजेड भाईर ठेवती. मालकांनी दुर्बीण माझ्या ड्रॅगनफ्रूटच्या रानाकडंला मांडली. बिनमोसमी फळ धरायला तिथं मी रातचे दिवे लावते. माझ्या नावावरचं हे पयलंच पीक. मी पांढरे दिवे आणणार हुते, पण मालकच अडून बसले, "तांबडे आण. तांबड्यानं अंधाराला सरावलेला डोळा दिपत न्हाई. गावात एवढाच उजेड शहाणा आसंल."

सकाळी फोटू बघितला तर अर्धं आभाळ तांबडंलाल. "गुणा, एवढा मोठा तेजोमेघ अजून कुणालाच घावला न्हाई," म्हणले, आन् भरतेशला बोलवून घेतलं. तो रातचा आला, फोटू बघितला, मग दिवे लागलेल्या माझ्या रानाकडं बघितलं.

"दाजी," तो म्हणला, "तेजोमेघाचा आन् ह्या दिव्यांचा तांबडा एकच हाय. तुमच्या काचंनं सगळं गाव अडवलं, फकस्त अक्काला आत घेतलं."

मी पदर तोंडात कोंबून हसले. मग मालकांचं तोंड बघितलं आन् पदर सोडला. प्रदर्शन तोंडावर आलेलं आन् माणूस बांधावर बसकण मारलेला.

"गुणा, थोड्या राती दिवे बंद ठिव की," ते म्हणले.

"कळ्या धरायच्या दिसांत? पीक जाईल माझं."

ते दुर्बीण आवराय लागले. मग मी म्हटलं, "बघा, बंद करते. पण कळ्या धरल्यात तेवढ्या तर फुलतीलच. ड्रॅगनचं फूल रातचंच उमलतंय, आन् कुंचल्यानं पराग लावाय माणूस मिळंना. तुमी तर जागंच आसतायसा."

त्यांनी लगेच कबूल केलं. दिवे बंद झाले, गुलाब घावला. फुलं उमलाय लागली तसे हे कुंचला घिऊन रांगंरांगंनं फिराय लागले, बिनतक्रार.

यंदा फोटू प्रदर्शनात लागला, तोही दारासमोर. एकानं इचारलं, "कुठली काच वापरली?" काचांवर सकाळपतूर बोलणारा माणूस, पण माझ्याकडं बोट करून म्हणला, "काचंचं काय न्हाई. हिनं माझ्यापायी निम्म्या पिकावर पाणी सोडलं." हे म्हणताना डोळं भरलेलं.

आता त्यांना कसं सांगू, की दिवे पहाटं लावले तरी ड्रॅगनला तेवढंच चालतंय, आन् हे झोपल्यावर मी ते रोज लावत हुते. सांगंन. अजून एक बहर फुलायचा हाय, तेवढा कुंचला फिरून हुदे.